भर समुद्रातला ठसका

मसाला कुटायच्या कांडपावर मिरचीचा खकाणा उठला की मला अजून अटलांटिक महासागर आठवतो. पर्यटकांच्या एका आलिशान जहाजावर मी स्वयंपाकी होतो. वर झुंबरं आणि पियानो, खाली आमच्या खोलीला खिडकीसुद्धा नाही. चहूकडं नुसतं पाणी बघून जीव इतका उबगला होता, की येत्या बंदरावर बॅग घेऊन उतरायचं आणि थेट घर गाठायचं, हे मी ठरवूनच टाकलं होतं. त्या दुपारी कामगारांच्या जेवणासाठी रस्सा करताना आईनं दिलेला कांदा-लसूण मसाला मी घरच्या सवयीनं कडकडीत तेलात टाकला, आणि बाहेरच्या अख्ख्या बोळात खोकला सुरू झाला. मुख्य शेफ माझ्यावर ओरडत असतानाच लॉन्ड्रीतला एकजण डोळे पुसत दारात आला. येता-जाता आम्ही रोज एकमेकांना इंग्रजीत ‘गुड मॉर्निंग, सर’ म्हणायचो. तो ठसकतच म्हणाला, “पावणं, कोल्हापूरचं काय?” “व्हय, शिवाजी पेठ!” “आणि मी कबनूरचा की! आधी सांगायचं न्हाय व्हय?” बंदर आलं तेव्हा आम्ही दोघं फिरायला उतरलो, माझी बॅग खोलीतच राहिली. तो आता दुसऱ्या जहाजावर असतो. आज कांडपावरनं येऊन त्याच्यासाठी मसाल्याची बरणी भरत होतो, तेवढ्यात फोन वाजला, “गुड मॉर्निंग, पावणं!”