खोकणारा सुतारपक्षी

जंगलातले पक्षी मोजणाऱ्या या बाईंना सगळे टकटकबाई म्हणत आणि त्यांनाही ते आवडे. सुतारपक्ष्यांच्या मागे उभा जन्म घालवलेल्या बाईला दुसरं म्हणणार तरी काय? रानात कुठे खोड वाजलं की त्या वाक्य अर्धं टाकून उभ्या राहत. मग समोर खात्याचा साहेब असो की सख्खी नणंद. त्यांचे यजमानही त्याच कामातले, लोक त्यांना काका म्हणत. दोघांनी मिळून कितीतरी जंगलं पायाखाली घातली होती. कुठलं राखायचं आणि कुठलं तोडायला मोकळं सोडायचं, हे बऱ्याचदा यांच्या शब्दावर ठरे. त्या शब्दात आजवर कुणाला खोट काढता आली नव्हती.

यंदा मात्र अबोला होता. काकांनी बायकोला न विचारता मुलाला कळवून टाकलं, की हे काम संपलं की आम्ही कायमचे तुझ्याकडे राहायला येतो. झालं! बाईंनी तोंड मिटलं ते मिटलंच. बोलायचं ते भिंतीशी.

"कुणाला चहा हवा असेल तर गाळून ठेवलाय."

यावर काका खिडकीला सांगत, "कुणाची तरी टोपी खुंटीवर राहिलीय."

वनखात्याच्या एका खोलीच्या चौकीत दोन शहाणीसुरती माणसं अख्खा हंगाम अशी राहिली. बघणारा पोट धरून हसला असता. पण पुढे सगळं गळ्याशी आलं ते यातूनच.

जंगलाच्या मधोमध डोंगराची धार होती. धारेच्या एका अंगाला ओढा. तिथे मोठ्या काळ्या सुतारपक्ष्याची ढोली सापडली होती, पिल्लंसुद्धा दिसली होती, त्यामुळे ते अंग राखीव होणार हे नक्की होतं. दुसऱ्या अंगाला होते ते जुने वृक्ष. पोकळ झालेले, शेवाळलेले, चार माणसांच्या कवेत न मावणारे. बाईंचा जीव अडकला होता तो यांच्यात. तिथेही हा पक्षी नांदतो असं दिसलं तर सगळं जंगल राखीव होणार होतं. नाहीतर ते अंग लाकूड कंपनीला जाणार होतं.

आता हा पक्षी मोजायचा कसा, तर त्याला डिवचून. तो चोचीनं खोड वाजवतो. दुसऱ्याचं वाजवणं कानावर आलं, की आपल्या हद्दीत कोण घुसलं म्हणून भडकतो आणि उलट वाजवतो. म्हणून मोजणारे त्याचाच जुना ध्वनिमुद्रित आवाज स्पीकरवर लावतात, थांबतात आणि उत्तराची वाट बघतात. मात्र एकजण वाजवत असताना दुसऱ्यानं गप्प राहायचं. हे रोज निघण्यापूर्वी ठरवून घ्यावं लागतं. आणि ठरवायचं म्हणजे आधी बोलावं लागतं!

बाई जुन्या वृक्षांत गेल्या, काका ओढ्याकडे. बाईंनी आवाज लावला की धारेकडून उत्तर यायचं. स्पष्ट आणि जोरदार. ते त्या मुद्रित करून ठेवत. ढोली काही सापडली नाही, पण उत्तर येतंय म्हणजे पक्षी आहे. बाई मनातून हरखल्या होत्या. ते कुणाला सांगावं, तर सांगायचं माणूस अबोल्यात.

अहवालावर निर्णय देणारी समिती शहरातल्या कार्यालयात बसली. सभा सुरू होण्याआधी बाई शेजारच्या खोलीत हेडफोन लावून बसल्या. समितीला ऐकवायचा तुकडा त्यांना निवडायचा होता. त्यांच्या स्पीकरचा आवाज थांबला. मग शांतता. मग धारेवरून ते उत्तर आलं. टकटक संपता संपता शेवटी एक अगदी दबलेला खोकला आला.

बाईंनी पुन्हा लावलं. पुन्हा खोकला.

पक्षी खोकत नाहीत. हा खोकला काकांचा होता, लग्न नवं असतानाचा. त्या दिवसांत दोघांनी झुडपात दबा धरून हा आवाज मुद्रित केला होता आणि अगदी शेवटी काकांना ठसका लागला होता. बाईंनी हौसेनं तो तसाच ठेवला होता. तेच मुद्रण आजही दोघांच्या स्पीकरवर होतं. म्हणजे त्या इकडून वाजवत होत्या आणि नवरा धारेपलीकडून. रानात वारा असे आणि बाईंचे कानही आता पूर्वीचे राहिले नव्हते. पक्षी म्हणून त्यांनी स्वतःच्या नवऱ्याची नोंद केली होती.

जुन्या वृक्षांच्या अंगाला दुसरा कुठलाच पुरावा नव्हता. आणि हा खोकला जगात दोनच माणसं ओळखू शकत होती. एक इथे बसलेलं आणि दुसरं अबोल्यात. तुकडा टकटकीनंतर लगेच कापला असता तर विषय तिथेच संपत होता. त्यांनी तो कापलाही. जोडून ऐकला. अगदी बेमालूम झाला होता.

सभेत काका मागच्या रांगेत बसले होते. बाईंनी कापलेला तुकडा ऐकवला. अध्यक्षांनी मान डोलावली. कंपनीच्या वकिलानं एकच विचारलं, "बाई, हा पक्षीच आहे ना? तुम्ही हो म्हणालात तर मी पुढे काही विचारत नाही."

त्याच्या आवाजात कुचकेपणा असता तर बरं झालं असतं. तो खरंच विश्वासानं विचारत होता. बाईंनी पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. अध्यक्ष वाट बघत होते. बाईंच्या डोळ्यांपुढे ते वृक्ष आले, त्यांच्या बुंध्यांवर तोडणीसाठी मारतात तशा खडूच्या खुणा आल्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "हा आमचाच स्पीकर आहे. माझा आवाज यांनी ऐकला, यांचा मी. पुढचा भाग मी आत्ताच कापलाय. तोही ऐका."

खोकला ऐकून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. अध्यक्षांनी चष्मा काढला. "काका, तुमच्या हे लक्षात आलं नाही?"

काका उभे राहिले. हातातल्या टोपीची त्यांनी पार घडी करून टाकली होती. "आलं होतं. पहिल्याच दिवशी. स्वतःचा खोकला आहे, ओळखणार नाही का?"

"मग थांबला का नाहीत?"

"मला वाटलं, माझं वाजवणं ही मुद्दामच पक्षी म्हणून नोंदवतेय. झाडं वाचावीत म्हणून." ते बायकोकडे न बघता बोलत होते. "हिला न विचारता मी घर मोडायला निघालो होतो. माफी मागायला तोंड नव्हतं. म्हटलं, निदान यात तरी साथ द्यावी. म्हणून वाजवत राहिलो."

अध्यक्षांना बरंच काही सुनावायचं होतं, पण त्यांनी फक्त निर्णय सांगितला. ओढ्याचं अंग राखीव. जुन्या वृक्षांचं अंग राखीव नाही. आणि यापुढे या दोघांना कुठलीही मोजणी नाही. वकिलानं आपली पिशवी आवाज न करता बंद केली.

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर दोघं बसली. बाई रडत होत्या, पदर तोंडाला लावून, लहान पोरीसारख्या. इतक्या वर्षांत काकांनी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

"अगं," काका म्हणाले, "वाटेल तेवढं बोल मला. मी तुला खोटारडी समजलो."

"तेच तर," बाई म्हणाल्या. किती दिवसांनी त्या भिंतीशी न बोलता त्यांच्याशी बोलत होत्या. "अहो, मला तुमच्यावर चिडताही येत नाहीये. आत खोलीत बसून मी तो खोकला कापला ना, तेव्हा तुम्ही समजलात तशीच होते मी."

काकांनी त्यांचा हात हातात घेतला. समोरच्या दारातून कंपनीची माणसं फोनवर बोलत बाहेर पडत होती. लाकूडतोडे कधी पाठवायचे, ते ठरवत होती.