आप्पांसाठी घेतलेली कॅरॅव्हान

काल इथे जर्मनीत, ब्योब्लिंगेनला, पार्किंगमध्ये कुणीतरी कारच्या हुकला कॅरॅव्हान, म्हणजे चाकांवरची खोली, जोडत होतं. ग्रीसचा दाट वास आला आणि मी तिथेच थांबलो.

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात माझे वडील, आप्पा, पुण्याहून आमच्याकडे आले आणि इथेच त्यांचं पाठीचं दुखणं बळावलं. कॅन्सर कण्यात उतरला होता. त्यांना दहा मिनिटंही बसवत नव्हतं, पण समुद्र बघायचा होता. म्हणून मी जुनी कॅरॅव्हान घेतली. आप्पा आत आडवे पडतील, आपण ओढत नेऊ.

आपली कार किती ओझं ओढेल ते मी नीट पाहिलं. तांदूळ, कुकर, पाण्याचे कॅन बरोबर चाकांवर येतील असे ठेवले. जोडणीचा दांडा बाथरूममधल्या वजनकाट्यावर टेकवून हुकवरचा भारही मोजला. सगळं जुळलं. आप्पांना धरून आत नेलं, उशी दिली.

शेजारी राहणारे क्लाइन जर्मनमध्ये म्हणाले, "हे बघा, चालत्या कॅरॅव्हानमध्ये माणूस बसवायला बंदी आहे."

गावाकडे आजारी माणसाला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी घालूनच नेतात. हे कुणाला विचारावं असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

"काय म्हणतायत रे ते?" आप्पांनी आतून विचारलं.

"प्रवास चांगला होवो म्हणतायत."

तेव्हा वाटलं, आप्पांना पटलं. आज वाटतं, आता जाणं होणार नाही, हे माझ्या आवाजावरूनच त्यांना कळलं असणार. इंजिन सुरूही झालं नव्हतं, तरी त्यांनी डोळे मिटून घेतले.

"बरं," म्हणाले, "पोचलो की उठव."