रेघेबरोबर पाणी

जगात नदीत पडलेली माणसं पुष्कळ असतील, नदीला घाबरणारीही असतील. पण नदी तपासणीत पास होत नाही म्हणून तीन वर्षं काठावर उभा राहिलेला माणूस आख्ख्या भूतलावर एकच आहे आणि तो नेमका माझा साडू आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे धुळ्याकडचे, पण सगळी नोकरी सिल्वासातल्या एका धाग्याच्या कारखान्यात, क्वालिटी खात्यात. आत येणारा माल तपासायचा आणि त्याला कागदी चिकटपट्टी लावायची. हिरवी म्हणजे ओके, लाल म्हणजे रिजेक्ट आणि मधली पिवळी म्हणजे होल्ड. साडूभाऊंचा जीव पिवळीत. हिरवी लावली की जबाबदारी येते, लाल लावली की भांडण येतं. पिवळी लावून माणूस घरी जाऊन शांतपणे जेवू शकतो.

तपासणीची ही सवय कारखान्याच्या फाटकाशी थांबती तर मला लिहायला काही उरलं नसतं. त्यांनी दुधाच्या पिशव्या उजेडात धरून पाहिल्या आहेत. कलिंगड घेताना ते एकावर समाधान मानत नाहीत, ढिगातली पाच नमुन्याला वाजवतात. माझ्या लग्नाआधी सासऱ्यांनी मला बघायला ह्यांनाच पाठवलं होतं. त्यांनी मला उभं करून पाहिलं, बसवून पाहिलं, दारापर्यंत चालवून पाहिलं आणि अहवाल दिला, "चालेल. थोडं फिनिशिंग लागेल." ते फिनिशिंग अजून बाकी आहे असं माझ्या बायकोचं म्हणणं आहे. फक्त ताई, म्हणजे त्यांची बायको, त्यांना पुरून उरतात. एकदा दुपारी साडूभाऊ झोपले असताना ताईंनी त्यांच्या टकलावर पिवळी पट्टी चिकटवली आणि ते तसेच आमलीच्या बाजारात जाऊन भाजी घेऊन आले.

तर अशा माणसानं निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना एका बंद पडलेल्या रिसॉर्टमधून नारिंगी कयाक आणली. कयाक म्हणजे एकट्यानं बसायची निमुळती होडी. वर एक गोल भोक असतं, त्यात कमरेपर्यंत शिरायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारायचं. पाऊस ओसरला की खानवेलकडे साकरतोड नदी दगडांवरून उड्या मारत, फेस काढत खाली येते. त्या फेसातून आपण एकदा तरी जायचं, असं साडूभाऊंनी कुठलासा व्हिडिओ बघून ठरवलं. का ठरवलं ते विचारू नका. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "साडूराव, आयुष्यभर दुसऱ्याचा माल पुढे जाऊ दिला. एकदा आपण जाऊन बघतो."

जायचं म्हणजे आधी तपासायचं. त्यांनी नदीसाठी चेकशीट काढलं. सत्तावीस मुद्दे. पाण्याची उंची, रंग, वाहून येणारी लाकडं, होडी उतरवायला वाट आहे का, वर चढवायला आहे का, मोबाइलला रेंज किती काड्या. चौदावा मुद्दा वासोण्याच्या सफारीतल्या सिंहांचा होता. मी म्हटलं, सिंह कुठे, नदी कुठे. पण ते तिकीट खिडकीवर जाऊन सिंह पोहतात का ते विचारून आले. खिडकीतल्या बाईंनी "पोहण्याचं वेगळं तिकीट नाही" असं सांगितल्यावर समाधान पावले. वाट एका चिकूच्या वाडीतून जात होती. वाडीवाले काका दर रविवारी म्हणायचे, "आवो ने भाई, एमां पूछवानुं शुं?" साडूभाऊंना ही परवानगी लेखी हवी होती. शीटच्या तळाशी साक्षीदाराची सही लागते, म्हणून दर रविवारी सकाळी मला टोकरखाड्याला त्यांच्या खोलीवर बोलावणं. मला पोहता येत नाही, माझं पोट माझ्या अर्धा फूट पुढे चालतं, पण सही चांगली आहे.

पहिली दोन वर्षं नदी होल्डवरच राहिली. तिसऱ्या वर्षी साडूभाऊ निवृत्त व्हायचे होते. दिवाळीला कंपनीची खोली सोडून पुण्याला मुलाकडे, तिसऱ्या मजल्यावर. तिथे कयाक जिन्यात वळत नाही. जिना त्यांनी मोजला होता. ताईंनी साफ सांगितलं, "दसऱ्यापर्यंत पाण्यात बसा, नाहीतर मी तिच्यात कोथिंबीर लावते."

मग साडूभाऊ पेटले. काठावरच्या पाटाएवढ्या एका दगडावर त्यांनी लाल रंगानं रेघ मारली. पाणी रेघेच्या वर म्हणजे जास्त, खाली म्हणजे कमी, रेघेबरोबर म्हणजे ओके. पहिल्या रविवारी पाणी बरोब्बर रेघेला. दुसऱ्या रविवारी रेघेला. तिसऱ्या आठवड्यात असा पाऊस झाला की आमच्या गल्लीत चपला तरंगल्या, तरी रविवारी पाणी रेघेला. नंतर पंधरा दिवस कडक ऊन, पाणी रेघेला. मी म्हटलं, "अभिनंदन! आता बसा." साडूभाऊंचा चेहरा उतरला. "साडूराव, इतकं चांगलं रीडिंग नसतं कुठे. मापातच खोट आहे." आणि खिशातून पिवळी पट्टी काढली.

पुढच्या रविवारी आम्ही पहाटेच जाऊन झाडाआड बसलो. उजाडल्यावर कपड्यांचं बोचकं घेऊन एक बाई आली. तिनं पदर खोचला, आमचा दगड दोन्ही हातांनी उचलला, दोन पावलं पुढे नेऊन पाण्याच्या कडेला टेकवला, रेघ ओली होईल इतका, आणि त्यावर चादर आपटायला लागली. साडूभाऊ झाडाआडून धावले. "अहो बाई, तो दगड हलवू नका!"

"का बरं?" ती त्यांच्याच धुळ्याकडची निघाली, दगडावर हक्क सांगायला लागली. "हाऊ दगड मना शे. पाणी मागे गेलं की दगड मागे, पुढे आलं की पुढे. कपडे काय कोरड्यात धुऊ? आणि भाऊ, रेघ तुम्ही मारली का? छान केलं. कुठवर बुडवायचा ते कळतं."

परतताना ते गाडीत शीट उलटंपालटं करून बघत होते. मी मात्र हसू दाबता दाबता माझाच पट्टा तोडून घेतला.

दसऱ्याच्या आदल्या रविवारी साडूभाऊंनी डोळ्यांनी पाणी पाहिलं, आकाश पाहिलं, सोबत आलेल्या ताईंकडे पाहिलं, आणि सत्तावीस मुद्द्यांपुढे टिक मारली. मी सही केली. कयाक पाण्याच्या कडेला ठेवली. हेल्मेट, जॅकेट घालून साडूभाऊ भोकात शिरले आणि मांड्यांपाशी अडकले. मी खांदे दाबले. ताईंनी होडी धरून हलवली. कपडे धुणारी बाई हात पुसत आली आणि तिनं साबण देऊ केला. काही उपयोग नाही. तीन वर्षं त्यांनी नदी मोजली, वाट मोजली, जिना मोजला. स्वतःची कंबर कुणी मोजली नव्हती, आणि ती तीन वर्षांत होल्डवर नव्हती.

साडूभाऊ भोकाकडे बघत म्हणाले, "साडूराव, तुम्ही?" मी नुसतं पोटाकडे बोट दाखवलं.

"सरका," ताई म्हणाल्या. गिरणा नदीत पोहत लहानपण गेलेल्या ताई साडीखाली मुलाची ट्रॅकपँट घालूनच आल्या होत्या! हेल्मेट चढवलं, सळकन आत बसल्या आणि कुणी काही म्हणायच्या आत निघाल्याही. नारिंगी होडी फेसात शिरली, वर आली, पुन्हा शिरली. "अहो, मजा आहे हो!" असं काहीतरी ऐकू आलं. मग पुढच्या खडकाशी होडी आडवी झाली आणि एका कुशीवर कलली.

ज्या माणसानं तीन वर्षांत घोटा भिजवला नव्हता, तो शीटसकट पाण्यात घुसला. खोली पाहिली नाही, रेंज पाहिली नाही, सिंह आठवले नाहीत. छातीभर पाण्यात उभं राहून त्यांनी होडी धरली. ताई आतून म्हणाल्या, "सोडा हो, मी काढत होते!" पण त्यांनी सोडली नाही. दोघं काठावर आले तेव्हा साडूभाऊ कुडकुडत होते. मला म्हणाले, "पाणी गार आहे. शीटवर तापमानाचा रकानाच नव्हता."

आता ते पुण्याला आहेत. कयाक आमच्या आमलीच्या गॅलरीत आहे. बायको तिच्यावर पापड वाळवते. तिच्यावरची पिवळी पट्टी काढायची नाही अशी मला ताकीद आहे, कारण साडूभाऊंची कंबर दोन इंच उतरली आहे आणि पुढच्या पावसानंतर ते येणार आहेत. मागच्या पावसानंतरही येणार होते. रविवारी सकाळी फोन येतो. मी तेव्हा काठावरच असतो. का जातो ते मलाही नीट सांगता येणार नाही. इतक्या वर्षांची सवय, दुसरं काय.

"साडूराव, पाणी किती?"

मी दगडाकडे बघतो. लाल रंग पुसट झालाय. शेजारी बाई चादर पिळत असते.

"रेघेबरोबर," मी सांगतो. आणि ते अगदी खरं असतं.