एक्केचाळीस परत आलेली पत्रं

दिल्लीतल्या एका सरकारी हॉस्पिटलात मुलांच्या लघवीच्या विकारांचा विभाग होता आणि तिथलं रजिस्टर अकरा वर्षं कुमुदिनी सबनीस यांच्या ताब्यात होतं. बाईंना विचारल्याशिवाय त्याला हात लावायची डॉक्टरांचीही टाप नव्हती.

डॉक्टर म्हणजे यतीन राजाध्यक्ष. काही मुलगे मूत्रमार्गात पातळसा पडदा घेऊनच जन्मतात. लघवी तुंबते, ते मूत्रपिंडांवर शेकतं. डॉक्टरांनी अशा शहाण्णव बाळांचे पडदे काढले होते. त्यावर निबंध लिहून त्यांनी परदेशातल्या एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकाकडे पाठवला, आणि तो परत आला. ऑपरेशनं उत्तम, पण ही मुलं आज कशी आहेत, एवढंच संपादकांनी विचारलं होतं.

झालं, शहाण्णव घरी पत्रं गेली. त्यातली एक्केचाळीस जशीच्या तशी परत आली.

चूक कुमुदिनीबाईंचीच होती. लग्न झाल्यापासून त्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरात राहत होत्या. क्वार्टर नंबर लिहिला की माणूस सापडला, हेच त्यांना ठाऊक. मुलाच्या वडिलांचं ऑफिस, गावचा पत्ता काही विचारलंच नव्हतं. पण आता एकोणीसशे शहाण्णव साल संपत आलेलं. बँका दारात येऊन घरासाठी कर्ज देत होत्या आणि आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरांतली निम्मी मंडळी यमुना ओलांडून मयूर विहार नाहीतर नोएडाला पसार झाली होती.

"राहू दे, बाई," डॉक्टर म्हणाले. "पंचावन्नांवरच भागवू." तोंड मात्र उतरलं होतं.

"भागवायला ती काय भाजी आहे, सर?" बाई म्हणाल्या.

आणि त्यांना आठवला प्रेसवाला. आर. के. पुरममध्ये कडुलिंबाच्या झाडाखाली इस्त्री करणारा. घर बदललं तरी शेवटचं गाठोडं त्याच्याकडेच राहतं आणि ते पोचवायला तो नव्या घरी जातो. बाईंनी क्वार्टरांचे नंबर वाचायचे आणि त्याने इस्त्री न थांबवता सांगायचं, "वो तो नोएडा गए, बीबीजी. चौथी मंज़िल. लिफ्ट नहीं है."

मग दर रविवारी सूर्यकांतरावांची स्कूटर निघायची. "यार, माझी मॅच गेली," अशी नवऱ्याची कुरकुर चालायची, पण किक तेच मारायचे. एका प्रेसवाल्याने दुसऱ्याकडे धाडलं, असं करत तीन महिन्यांत अडतीस मुलं सापडली.

अडतिसावा मानस दिघे, आठ वर्षांचा. त्याची आई सरला हिने चहा केला, पण आवाज बारीक ठेवला. "इथे कुणाला माहीत नाहीये ते. तो आता बिल्कुल ठणठणीत आहे. कशाला उकरून काढता?"

तेवढ्यात मानस आला, फ्रिजमधली पाण्याची बाटली तोंडाला लावून संपवली आणि दुसरी उघडली. दारं-खिडक्या बंद करून बसावं लागेल अशी जानेवारीची थंडी होती. एवढी तहान असलेल्या मुलाच्या आईला डॉक्टर काय विचारतात ते बाईंनी अकरा वर्षं ऐकलं होतं. त्या उठून सरलाला घेऊन स्वयंपाकघरात गेल्या.

"अंथरूण कोरडं असतं का गं?"

सरला ओटा पुसायला लागली. मग तिला रडूच फुटलं.

सोमवारी तपासणी झाली. पडद्याचा तुकडा उरला होता आणि मूत्रपिंडं थकत चालली होती. डॉक्टरांनी पुन्हा ऑपरेशन केलं. अजून वर्षभर गेलं असतं तर हातात काही राहिलं नसतं, असं ते नंतर म्हणाले. बाईंनी त्याच दिवशी रजिस्टरात नवा रकाना आखला: प्रेसवाला कुठे बसतो.

पुढच्या वर्षी निबंध छापून आला. डॉक्टर अंक घेऊन ओशाळून उभे राहिले. "बाई, आभारात तुमचं नाव घालायचं राहूनच गेलं हो."

"ते जाऊ द्या. आपला मानस कुठेय यात?"

डॉक्टरांनी तिसऱ्या तक्त्यावर बोट ठेवलं. पुन्हा शस्त्रक्रिया : १.

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला. त्या आकड्यावर त्यांनीही बोट ठेवलं.

"अच्छा," त्या म्हणाल्या. "परवा तपासणीला आला होता. उंची वाढलीय हो त्याची."