शिरोलीतली टिटवी आणि खोळंबलेली भट्टी

कोल्हापूरला माणसं देवीच्या दर्शनाला जातात. मी वहिनीच्या हातच्या मटणासाठी निघाले होते. चिपळूणहून सकाळची एसटी धरली. घाट चढून आल्यावर उसाचा हिरवा पट्टा सुरू झाला. स्टँडवर माझा आतेभाऊ विलासदादा हजर होता. शिरोली एमआयडीसीत त्याची लहानशी फाउंड्री (ओतशाळा) आहे. त्याचा आवाज इतका मोठा, की त्यानं फोन विनाकारण घेतलाय.

"घरी मागनं जाऊ. उद्या नवी भट्टी येणार हाय, आधी जागा बघ."

कारखान्याच्या अंगणात मी गाडीतून उतरले, तोच एक टिटवी माझ्यापुढं पंख फरफटत पळू लागली. डोळ्यांपाशी लाल कातडं, पिवळे काटकुळे पाय आणि एक पंख पार मोडून लोंबलेला. मला कळवळा आला. ओढणी हातात घेऊन मी तिला धरायला धावले. हात पोचतोय म्हणेपर्यंत ती आणखी पुढं. असं करता करता मी ओतकामाच्या काळ्या वाळूच्या ढिगात नडगीपर्यंत रुतले. त्याबरोबर बाईसाहेब दोन्ही ठणठणीत पंखांवर उडाल्या आणि वरून मला शिव्या घालत निघून गेल्या.

दादा पोट धरून हसत होता. "येड्यात काढलं की गं तुला पाखरानं! अंडी हितं ऱ्हायली. तुला लांब न्यायला सोंग केलं तिनं."

मी उतरले होते तिथून हातभर अंतरावर, उघड्या खडीतच, चार मातकट, काळ्या ठिपक्यांची अंडी होती. दादानं बोट दाखवूनही मला ती दिसायला वेळ लागला. भोवती त्यानं लोखंडी तुकडे लाल रंगवून मांडले होते. शेजारी पाण्याचं घमेलं. उन्हाच्या तडाख्यात टिटवी त्यात पोट भिजवायची आणि ओल्या पोटानं अंडी गार करायला बसायची.

"पाणी तिच्यासाठी ठेवलंस?"

"छे! कामगारांसाठी हाय."

घमेल्यातून पाणी पिणारे कामगार मला तरी दिसले नाहीत.

"मग क्रेन कुठं उभी राहणार?"

"हितंच. दुसरी जागाच न्हाय. सकाळी उचलून टाकतो अंडी."

"महिना झाला, रोज सकाळी टाकत्यात," घरी सुमनवहिनी पांढरा रस्सा वाढता वाढता म्हणाली. "टिटवी वरडली की वाईट हुतं म्हणं. ह्यांचं वरडणं ऐकून तिचंच काय वाईट झालं न्हाय म्हंजे मिळवली."

दुसऱ्या दिवशी भट्टी घेऊन ट्रेलर आला, मागोमाग क्रेन. वहिनी पूजेचा नारळ घेऊन आली होती. क्रेनवाला खाली उतरला आणि टिटवीनं थेट त्याच्या टोपीवर झेप घेतली.

"मालक, पाखरू आवरा की!"

दादा अंडी उचलायला वाकला, आणि तसाच थांबला. एका अंड्याला तडा गेला होता. आतून बारीक चिवचिव येत होती.

"चहा घ्या पावणं," तो क्रेनवाल्याला म्हणाला.

चहा झाला. मग पोहे. मग पुन्हा चहा. ट्रेलरवाला हॉर्न वाजवून दमला आणि ट्रेलरखालच्या सावलीत आडवा झाला. उन्हं कलेपर्यंत तीन पिल्लं बाहेर येऊन, वाळून, उभीसुद्धा राहिली. जन्मल्या दिवशीच चालणारी पोरं. आई त्यांना हाका मारत गेटाकडं निघाली.

तेवढ्यात वर घार आली. टिटवीनं एकच कर्कश हाक दिली आणि पिल्लं नाहीशी झाली. पळाली नाहीत, होती तिथंच खडीला चिकटून पडली, आणि खडीच झाली.

"कुणी हलू नका!" दादा गरजला.

पाय ठेवायचा कुठं? क्रेनवाला एक पाय उचललेला तसाच उभा. वहिनी नारळ छातीशी धरून, मी भिंतीला टेकून. आख्खी फाउंड्री श्वास रोखून उभी, आणि वर टिटवी तिच्या कैकपट मोठ्या घारीच्या पाठी लागलेली. घार कंटाळून निघून गेली. आईची वेगळी, मऊ हाक आली आणि आमच्या पायांतले तीन खडे उठून चालू लागले. गेटाखालून पलीकडच्या मोकळ्या प्लॉटवरच्या गवतात गेले.

चौथं अंडं फुटलं नाही. आईनं काही वेळानं येऊन त्याला चोच लावली, आणि ती परत गेली ती तिघांकडं. पुन्हा फिरकली नाही.

दादानं ते उचललं. "आता हे कुठं ठेवायचं?" त्यानं वहिनीला विचारलं. तिनं भट्टीसाठी बांधलेल्या चौथऱ्यापाशी नारळ फोडला आणि शेजारी वाळूत बोटांनी जागा केली. मग क्रेन पुढं आली.

चार दिवसांनी परतीच्या गाडीत बसले, तर खिडकीबाहेर जिकडंतिकडं टिटव्याच दिसू लागल्या. इतकी वर्षं त्या तिथंच असणार. दादाच्या टिटवीच्या जिद्दीवर काही थोर लिहावं असं मनात आलं. पण जिद्द वगैरे आपले शब्द. तिनं चारातली तीन सोबत घेतली, चौथ्याचा नाद सोडला आणि कामाला लागली. माया कमी असं मी म्हणणार नाही. त्या मायेला रडत बसायला सवड नव्हती, इतकंच.

घाट उतरत असताना दादाचा फोन आला. भट्टी पेटली होती.

"आणि पिल्लं?"

"मला काय म्हाईत? मला काय दुसरी कामं न्हाईत?" तो खेकसला. मग आवाज खाली आला. त्याचा आवाज खाली येतो, हे मला पहिल्यांदाच कळलं.

"आज दोनच दिसली गं. दोनदा जाऊन आलो."