खालून वर फिरवलेलं बोट

रविवार. वर्षभर इथे काही लिहिलं नाही, त्याबद्दल माफ करा.

बाबांच्या शेवटच्या नोंदीत चूक आहे, आणि ती मी केलेली आहे.

बाबा म्हणजे माझे सासरे. आज त्यांना जाऊन वर्ष झालं.
चाळीस वर्षं त्यांनी इथे जर्मनीत, उंटरश्लाइसहाइममध्ये काढली. रिटायर झाल्यावर जवळच्या दलदलीतल्या वनस्पतींची यादी करणाऱ्या एका ग्रुपमध्ये जायला लागले.

तिथे मे-जूनमध्ये पांढरी कापसासारखी बोंडं डोलत असतात. जर्मनमध्ये त्याला वोलग्रास म्हणतात. मी त्याला गवत म्हटलं की चिडायचे.
"गवत नाही ते. तुम्हा आयटीवाल्यांना हिरवं दिसलं की सगळं गवत!"

त्यातल्या दोन जाती लांबून सारख्याच दिसतात. एक अरुंद पानांची, एक रुंद पानांची.
ओळखायचं बोटाने. बोंडाचा देठ गुळगुळीत लागला तर अरुंद, खरखरीत लागला तर रुंद.
"वरून खाली फिरव गं. उलट फिरवलंस तर काही कळत नाही."
हे त्यांनी मला किमान दहा वेळा सांगितलं असेल.

केमोनंतर त्यांच्या बोटांना स्पर्श कळेनासा झाला. शर्टाची बटणंही आई, म्हणजे सासूबाई, लावून द्यायच्या.
म्हणून शेवटच्या वेळी मला बरोबर नेलं.

मला माझ्या मुलीला, इराला, फुटबॉलहून आणायचं होतं. एका हातात फोन. मी वाकले आणि बोट फिरवलं. खालून वर. एकदाच.
"गुळगुळीत आहे, बाबा."
"नक्की? इथल्या पाण्यात चुना आहे. रुंद पानांचं असायला हवं."
"अहो बाबा, हात लावला ना मी!"
"जा, मग तुझं बोट खरं."
आणि त्यांनी वहीत 'अरुंद' लिहिलं.

इराला आणायची घाई होती, हे कारण मी वर्षभर स्वतःला देत होते. लिहून पाहिल्यावर ते पटत नाही. मला त्यांना लवकर घरी न्यायचं होतं, एवढंच.

आज सकाळी इराला घेऊन त्याच जागी गेले. आजोबांची पद्धत सांगितली. तिने वरून खाली बोट फिरवलं.
"क्राट्स्ट," ती म्हणाली. खरखरतंय.
मग मी फिरवलं. आणखी चार देठांवर फिरवलं.

रुंद पानांचंच आहे.
हात न लावता त्यांना कळलं होतं. तरी त्यांनी माझं ऐकलं.

बाबा, नमस्कार करते.

उद्या: ग्रुपला मेल करून नोंद दुरुस्त करायला सांगणं. हात मी लावला होता, हेही त्यात लिहिणं.