चौथ्या फेरीत बसणारी गाडी

माझी गाडी तिसरी येणार, असं मी सगळ्यांसमोर सांगितलं तेव्हा क्लासमध्ये असा हशा पिकला की खालच्या झेरॉक्सवाल्याने वर डोकावून पाहिलं. स्वतःच्याच गाडीला तिसरा नंबर देणारं माणूस त्यांनी तोवर पाहिलं नव्हतं. हसा म्हटलं, खुशाल हसा. तुमच्या हसण्याने टायर काही टिकणार नाहीत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नगरात सावेडीला एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर आमचा कॉम्प्युटरचा क्लास होता. मी सोनईजवळच्या खेड्यातली, बी.एस्सी. झालेली, मावशीकडे राहून तिथे शिकत होते. मशीनच्या खोलीत एसी होता, आणि तो माणसांसाठी नव्हता. चपला बाहेर काढायच्या, पायपुसण्याला पाय घासायचे, मग आत. मावशी एकदा बघायला आली आणि म्हणाली, "अगं बाई, विहारातसुद्धा आपण इतके पाय पुसत नाही!"

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला येतानाच बजावलं होतं, "दिवाळीपतुर तुजं काय जमलं तर ऱ्हा तिथं. न्हाई तर गपचूप गावी ये. साळंत बाईंची जागा हाय, मी शब्द टाकून ठिवलाय." आप्पा वाईट नव्हते, त्यांना माझी काळजी होती. पण मला शाळा नको होती. मला ते मशीन हवं होतं. हुकमासारखा हुकूम द्यावा आणि त्याने निमूट ऐकावं, असं माझ्या आयुष्यात दुसरं काहीच नव्हतं. आणि क्लासमध्ये एक जागा निघाली होती. सरांना सकाळच्या बॅचला शिकवायला एक डेमॉन्स्ट्रेटर हवा होता. ती जागा मिळाली की दिवसभर मशीन आपलं. नाही मिळाली की दिवाळीला माझी बॅग गावच्या एसटीत.

सर पुण्याहून शिकून आलेले, तिशीच्या आतले, हौशी. त्यांनी स्वतः एक शर्यतीचा प्रोग्रॅम लिहिला होता. प्रत्येकाने आपली गाडी बनवायची, म्हणजे चार गोष्टी ठरवायच्या: इंजिन केवढं, गाडी किती जड, टायर मऊ की कडक, टाकी केवढी. एवढं भरून एंटर दाबलं की स्क्रीनवर रंगीत चौकोन गोल गोल धावायला लागत. आपण नुसतं बघायचं. हातात स्टिअरिंग नाही, हॉर्न नाही, काही नाही.

"गाडी कुणीही बनवेल," सर म्हणाले. "पण मशीन काय करणार, हे ते करण्याआधी ज्याला सांगता येतं, तो मला डेमॉन्स्ट्रेटर म्हणून हवाय. पहिल्या तीन गाड्या क्रमाने सांगा. शर्यत दसऱ्यानंतर. आणि एक लक्षात ठेवा, मी यात नशीब घातलेलं नाही."

नशीब घातलेलं नाही! मला तर तेवढ्यासाठीच तो प्रोग्रॅम आवडला.

बाकीच्यांनी गाड्या कशा बनवल्या, तर पारावर बसून बोलावं तशा. एक होता सावेडीतल्याच बंगल्यातला. घरी स्वतःचा कॉम्प्युटर, येणं स्कूटरवर, आणि ती जागा आपलीच अशी खात्री. त्याने सगळ्यात मोठं इंजिन घेतलं, गाडी सगळ्यात जड केली आणि टायर घेतले मऊ. "जड गाडी रस्ता धरते," म्हणे. पुण्याच्या रस्त्याला त्याच्या काकांची जीप कशी चिकटून चालते, ते त्याने अख्ख्या क्लासला दोनदा ऐकवलं. आणखी एकाने सगळ्यात मोठी टाकी काठोकाठ भरून घेतली. का, तर पुढे पंप लागेल न लागेल! अरे बाबा, स्क्रीनवर कुठला पंप आणि कुठलं काय! त्या पेट्रोलचंही वजन प्रोग्रॅम धरतो, हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही. सगळे आपापली गाडी मोठमोठ्याने सांगत भरत होते, त्यामुळे कोणाचं काय आहे ते मला पाठ झालं. राजूरची एक मुलगी होती, फारशी बोलायची नाही. तिने मधलं इंजिन, हलकी गाडी, कडक टायर, लहान टाकी असं भरलं. मी विचारलं का, तर म्हणाली, "उगं कशाला लई वझं? डोंगर चढताना वझं कोन घेतं?"

या गाड्या सरांनी एका फ्लॉपीवर ठेवल्या. मशीनवर ठेवल्या असत्या तर कोणी बोट लावलं असतं, म्हणून फक्त फ्लॉपीवर. ती सरांच्या टेबलाच्या खणात.

सरांनी सरावासाठी एक नमुन्याची गाडी दिलेली होती. बाकीचे ती मजेसाठी पळवत. मी एका वेळी एकच गोष्ट बदलून पळवायचे. आज फक्त टायर. उद्या फक्त वजन. मग वजन तेच ठेवून टाकी. असं करता करता मला दिसलं, की मऊ टायर आधी मारे पळतात, पण गाडी जड असेल तर झिजतात आणि चौथ्या फेरीत गाडी बसते. बसते म्हणजे बाजूला उभी राहते, टायर बदलते, आणि तोवर बाकीच्या निघून जातात. हे मला कळलं तोवर माझी स्वतःची गाडी मी भरून बसले होते. बरी होती, पण राजूरवालीच्या गाडीची बरोबरी नव्हती. मग स्वतःला खोटं कशाला सांगायचं?

दसऱ्याच्या आधीच्या दिवशी सरांनी एकेकाला उभं करून अंदाज विचारला. बंगलेवाला म्हणाला, "माझी पहिली." टाकीवाला म्हणाला, "माझी पहिली." सगळ्यांची आपली पहिली! मी उठले आणि म्हणाले, "राजूरची पहिली. त्या खिडकीजवळच्या मुलाची दुसरी. माझी तिसरी." तेव्हाच तो हशा. मला चीड आली आणि मी थांबले नाही. बंगलेवाल्याला तोंडावर सांगितलं, "तुझी गाडी चौथ्या फेरीत बसणार. जड आहे आणि टायर मऊ आहेत." टाकीवाल्याला म्हणाले, "तू पेट्रोलचा टँकर घेऊन शर्यतीला निघालायस." एकेकाची गाडी घेऊन तिचं काय होणार आणि का होणार, ते सगळं सांगून टाकलं. किती शहाणपणा केला मी!

दसऱ्याला मी गावी गेले. आमच्या घरी तो धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस. पांढरी साडी, विहारात वंदना, आईच्या हातची खीर. आप्पा जवळ येऊन हळूच म्हणाले, "काय, जमतंय का?" मी म्हटलं, "जमतंय." त्यांनी माझ्या वाटीत आणखी खीर घातली.

परत आले तर क्लासमध्ये सुतकी चेहरे. दसऱ्याला मशीनची पूजा झाली होती. मॉनिटरला झेंडूचे हार, की-बोर्डवर आपट्याची पानं, सीपीयूपुढे नारळ. त्यात बंगलेवाल्याने हौसेने खणातून गाड्यांची फ्लॉपी काढून तबकात ठेवली. बरं, नुसती ठेवली असती तर काही बिघडलं नसतं. "वरच्या प्लॅस्टिकची कसली पूजा, जीव तर आत असतो," असं म्हणून या शहाण्याने पत्र्याची झडप सरकवली आणि आतल्या काळ्या चकतीला हळद-कुंकू लावलं! वर अक्षता. सर शेजारीच हात जोडून उभे होते, त्यांचे डोळे मिटलेले. आता फ्लॉपी आत घातली की ड्राइव्ह नुसता करकरायचा.

मला हसू आलं, आणि ते दिसलं. त्यावर मागून कोणीतरी म्हणालं, "पूजेला ही एकटीच नव्हती. म्हणून मशीन रुसलं."

"मशीन रुसलं नाही," मी म्हटलं. "मशीनला कुंकू झालं. आणि मी नव्हते कारण त्या दिवशी माझाही सण असतो. कुणाला काही म्हणायचंय?" मागून बोलणाऱ्यांना समोरून कधीच काही म्हणायचं नसतं.

सर ओशाळले होते. म्हणाले, "जाऊ द्या. ज्याने त्याने आपली आधीची गाडी आठवून पुन्हा भरा. अंदाज तेच राहतील." या वेळी गोंगाट नको म्हणून त्यांनी मशीनपुढचा पडदा ओढला आणि एकेकाला आत पाठवलं. मी आत गेले तेव्हा माझाही हात थबकला, खोटं कशाला बोलू. कडक टायर घेतले असते तर माझी गाडी वर गेली असती. पण मग माझा अंदाज कोणत्या गाड्यांचा होता? जशी होती तशीच भरली आणि बाहेर आले.

सरांनी एंटर दाबलं. चौकोन निघाले. बंगलेवाल्याचा काळा चौकोन, माझा पिवळा, राजूरवालीचा गुलाबी. पहिली फेरी, दुसरी, तिसरी. मी चौथ्या फेरीची वाट बघत होते. चौथी फेरी आली आणि गेली. काळी गाडी बसली नाही. पाचवीतही नाही. टाकीवाला भरधाव. राजूरवाली मध्येच कुठेतरी, आणि सगळ्यांच्या मागे पिवळा, माझा.

एक क्षण मला खरंच वाटलं, की मला काही कळत नाही, मी गावी जावं आणि पोरांना पाढे शिकवावेत. काळी गाडी पहिली आली. टाळ्या पडल्या. बंगलेवाला म्हणाला, "काय, तिसरी येणार होतीस ना? शेवटून पण पहिलीच आलीस!" पुन्हा हशा. सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याने आपली पहिली सांगितली होती, ती तरी आली. तर मग..."

"थांबा सर."

काळ्या गाडीला बसायचं कारण नव्हतं, कारण ती त्याची आधीची गाडीच नव्हती. हे मला टाळ्यांच्या आवाजात कळलं. मी जाऊन सरळ बंगलेवाल्यापुढे उभी राहिले. रडायचं नाही, हे ठरवलेलं होतं.

"मस्त गाडी आहे तुझी," मी म्हटलं. "कडक टायर बरे सुचले तुला. मला वाटलं, तुला तेवढी अक्कल नसेल."

"नसायला काय झालं?"

"नाही, म्हणजे तुझ्या काकांच्या जीपमुळे सुचले, की झेंडू वाहताना सुचले?"

"अगं, तूच म्हणालीस ना, चौथ्या फेरीत बसेल म्हणून!" तो फणकारला. "मग बदलणार नाही का माणूस?"

त्याच्या तोंडून ते निघून गेलं. टाकीवाला खाली बघायला लागला. खिडकीजवळचा मुलगा उगाच पेन शोधायला लागला. एकेक चेहरा पाहिला आणि कळलं, सगळ्यांनीच बदललं होतं. मी ज्याला जे सांगितलं होतं, ते ज्याने त्याने इमानदारीत ऐकलं होतं. राजूरवाली तेवढी म्हणाली, "मी न्हाई बदललं. मला बदलाया सांगितलंच नव्हतं हिनं."

राग तर इतका आला होता, की ती झेंडूची माळ तोडून त्याच्या गळ्यात घालावी. पण त्या रागाच्या आत मला हसूही फुटत होतं. हे सगळे माझ्यावर हसले होते, आणि घरी जाऊन मला कुणाला न सांगता मानलं होतं!

सर म्हणाले, "झालं ते झालं. तुझ्यावर अन्याय झाला. जागा तुलाच देतो मी, बस?"

"नको," मी म्हटलं.

राजूरवालीने माझा दंड धरला. ती जागा मला किती हवी होती ते तिला माहीत होतं. "येडी हाय का तू?" ती कुजबुजली.

"अन्याय झाला म्हणून दिलेली जागा नको सर. मी बरोबर सांगितलं होतं म्हणून द्या. यांना पडद्याबाहेर, सगळ्यांसमोर, खऱ्या गाड्या भरायला लावा. मी सांगितलं त्यातलं एक जरी चुकलं, तर मी उद्याच्या एसटीने गावी जाते. माझी मी जाते, कोणी सांगायला नको."

सरांनी पडदा बाजूला सारला. एकेक जण उठला. कोणी मऊ टायरऐवजी कडक म्हणाला, की बाकीचेच ओरडत, "ए, मऊ! मऊ होते तुझे!" बंगलेवाल्याने शेवटी भरलं, दात-ओठ खात. या वेळी एंटर मी दाबलं.

पहिल्या तीन फेऱ्या काळी गाडी सगळ्यांच्या पुढे होती. चौथ्या फेरीत, अर्ध्या वळणावर, ती बसली. गुलाबी चौकोन तिच्या शेजारून शांतपणे निघून गेला. मग खिडकीवाल्याचा हिरवा. मग माझा पिवळा. शेवटपर्यंत तोच क्रम राहिला.

राजूरवाली किंचाळली आणि टाळ्या वाजवायला लागली. बाकीच्यांनीही टाळ्यांसाठी हात उचलले. मी म्हटलं, "टाळ्या नकोत. उद्या सकाळी आठला या. चपला बाहेर, आणि आठ वाजून गेले की मी दार लावून घेईन." मग बंगलेवाल्याकडे वळले. "आणि तू जरा आधी ये. तो ड्राइव्ह उघडून त्यातलं कुंकू तुलाच काढायचंय."